पासष्ट बोशांचा टीव्ही

वगीहनं मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "मामा, पाठवायच्या आधी एकदा नजर टाका. तुमच्या मेहुण्यांना लिहितोय."

फरगलीनं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, चहाचा पेला बाजूला सारला आणि वाचायला घेतलं.

वगीह म्हणजे फरगलीच्या भाचीचा, शाहिनाजचा होणारा नवरा. इस्पितळात एक्स-रे काढायचा. पोरगा ताडासारखा उंच आणि इतका सालस, की रस्त्यात मांजर आडवं आलं तर थांबून म्हणेल, "आधी तुम्ही." निकाह पुढच्या शुक्रवारी. त्याच्या आदल्या दिवशी मुलीकडचं सगळं सामान गाड्यांवर चढवून, गाणी लावून, हॉर्न वाजवत नव्या घरी न्यायचं. गल्लोगल्लीच्या बायका बाल्कन्यांतून काय काय दिलंय ते बघणार, म्हणजे एक प्रकारे परीक्षाच. कैरोतल्या या शुब्रा भागात रीतच आहे: घर आणि पलंग मुलानं आणायचा, विजेवर चालणारं सगळं मुलीकडून यायचं. फ्रिज आला होता, कपडे धुवायचं मशीन आलं होतं. घोडं अडलं होतं टीव्हीपाशी. फरगलीची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आई हाज्जा इन्साफ, त्रेचाळीस इंचावर थांबली होती. वगीहच्या मनात पासष्ट भरला होता.

"दिवसभर लोकांची मोडलेली हाडं बघतो मामा," तो मघाशीच म्हणाला होता. "घरी गेल्यावर काहीतरी अख्खं बघावंसं वाटतं. आणि चांगलं मोठं."

"मग माग की! सरळ सासऱ्याला लिही. तुझ्या वयात मी सासऱ्याकडे त्याची बसायची खुर्ची मागितली होती."

"दिली?"

"फेकून मारली. पण मिळाली ना!"

तर फरगलीच्याच चिथावणीनं लिहिलेला तो निरोप असा होता:

'आदरणीय काका, सलाम. हाज्जांनी सांगितलं की त्रेचाळीस बोसा ठरले आहेत. पण नव्या जोडप्याला तेवढे पुरत नाहीत. मला आणि शाहिनाजला निदान पासष्ट तरी हवेत. माझ्या मावसभावाला सासरहून पंच्याहत्तर मिळाले. तुम्हाला अवघड वाटत असेल तर वरचे मी माझ्याकडून घालीन. हाज्जा राजी आहेत, फक्त तुमची परवानगी हवी. म्हणाल तेव्हा घ्यायला येतो.'

आता यातली गोम सांगायलाच हवी. कैरोत इंचाला म्हणतात 'बूसा', आणि मुक्याला म्हणतात 'बोसा'. बोलताना कुणाचा घोळ होत नाही. पण कागदावर दोघांत फरक फक्त एका 'स'चा. इंचाचा स जाडा, त्याचं नाव साद. मुक्याचा स बारीक, त्याचं नाव सीन. वगीहनं सगळीकडे बारीक स घातला होता. त्यामुळे पोरानं होणाऱ्या सासऱ्याकडे टीव्ही मागितलाच नव्हता. त्यानं पासष्ट मुके मागितले होते. शिवाय कमी पडले तर वरचे स्वतः घालायची तयारी दाखवली होती.

फरगलीच्या पोटात हसू असं उसळलं, की त्याला चहाचा घोट घ्यावा लागला. घोट नाकातून बाहेर आला.

"काय झालं मामा? चुकलंय काही?"

"छे! पुदिना लागला घशाला."

"शुद्धलेखन बरोबर आहे ना? काका अरबीचे मास्तर होते म्हणून विचारतो."

"अरे शुद्धलेखन कसलं बघतोस, भावना बघ, भावना! यातलं एक अक्षर हलवू नकोस. बिस्मिल्ला म्हण आणि पाठव."

वगीहनं बिस्मिल्ला म्हटलं आणि पाठवलं.

फरगलीचा हिशेब साधा होता. त्याचे मेहुणे, उस्ताद सलामूनी, यांनी सगळा जन्म सरकारी शाळेत अरबी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही खिशात लाल पेन असायचं. चिकनवाल्याच्या पाटीवर चूक दिसली तर आधी पाटी दुरुस्त व्हायची, मग चिकन. उस्ताद चिडतील, पोराला बोलावतील, साद-सीनची उजळणी करून घेतील आणि आपल्याला आठवडाभर पुरेल एवढी करमणूक होईल, असं त्याला वाटलं. कुलपांच्या दुकानात बसून दिवसभर किल्ल्या घासणाऱ्या माणसाला दुसरं काय लागतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. "फरगल्या, असशील तसा ये. यांच्या डोक्यात काहीतरी झालंय."

चार जिने चढून तो दाराशी पोचला तेव्हा आतून आवाज येत होते. दार उघडंच होतं. त्यानं शहाण्या माणसासारखा पाय बाहेर ठेवला आणि कान आत.

"तू हो म्हणालीस?" उस्तादांचा आवाज. "असल्या गोष्टीला? तू?"

"म्हणाले हो. पोरांची हौस आहे, करू देत की!"

"आणि वर आकडा ठरवलास!"

"मी आपली त्रेचाळीस म्हणाले होते, आपल्या बेतानं. त्यांना जास्त हवेत तर घेऊ देत बापडे. हल्ली सगळ्यांकडे तेवढे असतात."

"सगळ्यांकडे?"

"खालच्या उम्म नादियानं लेकीला सत्तर दिलेत, सत्तर! आणि तेसुद्धा बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर."

"बैठकीच्या खोलीत!"

"मग काय न्हाणीघरात? मी तर ठरवलंय, लग्न झालं की रोज संध्याकाळी जाऊन बसणार तिकडे. आरामात बघत. तुम्हीही चला."

आतून कुणीतरी खुर्चीत कोसळल्याचा आवाज आला. बाहेर फरगलीनं शर्टाची बाही तोंडात कोंबली.

पण पुढचं वाक्य ऐकून ती बाही तशीच तोंडात राहिली.

"हे लग्न होणार नाही," उस्ताद म्हणाले. आवाज अगदी शांत होता, आणि उस्ताद शांत झाले की इमारतीतली कबुतरंही उडायची. "मुलगा चारित्र्यहीन आहे. का, ते मला विचारू नका. ते शब्द माझ्या तोंडून या घरात निघणार नाहीत. दुपारच्या नमाजानंतर त्याच्या आईला फोन करून मी नाही म्हणून कळवणार आहे."

फरगली आत शिरला. इन्साफ झग्याला हात पुसत तशीच उभी होती. शाहिनाज आतल्या दाराशी, डोळे सुजलेले.

"बघ ना रे! पोरांच्या हौशीवरून बोलत होतो, आणि एकदम लग्नच मोडायला निघाले."

"मामा, तुम्ही बोला ना बाबांशी."

"माझं ऐकतात होय ते?"

"ऐकत नाहीत. पण तुमच्यावर ओरडून झालं की शांत होतात."

ही पोरगी फरगलीच्या दुकानात, किल्ल्यांच्या जुडग्यांशी खेळत मोठी झालेली. एरवी औषधाच्या दुकानात उभी राहून भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प बसवायची. आज तिच्या हातातला रुमाल पिळून वेताच्या काडीसारखा झाला होता. फरगलीच्या मनात आलं, काल आपण एक शब्द बोललो असतो तर! एकच अक्षर.

"उस्ताद," त्यानं घसा खाकरला, "अहो, पोराला कदाचित वेगळंच म्हणायचं असेल..."

उस्तादांनी मान वळवली. "कशाबद्दल वेगळं? त्यानं काय लिहिलंय ते तुला काय माहीत? मी तर ते कुणालाच दाखवलं नाही."

फरगली चष्मा पुसायला लागला.

पेच होता तो इथंच. खरं सांगायचं तर आपण शेजारी बसून वाचलं होतं, हेही सांगावं लागणार. आणि गेल्या रमजानात काय झालं ते दोघांनाही आठवत होतं. रोजा सोडायला सूर्यास्ताच्या तोफेची वाट बघत उस्ताद हातात खजूर घेऊन बसले होते, तेव्हा फरगलीनं पडद्यामागे कागदी पिशवी फुगवून फोडली. उस्तादांनी खजूर तोंडात टाकला. खरी तोफ झाली ती खजूर गिळल्यावर. त्या दिवशी उस्तादांनी सांगून टाकलं होतं, की आणखी एक थट्टा, आणि फरगलीचं पाऊल या उंबऱ्याच्या आत पडणार नाही. उस्ताद शब्दाचे पक्के. आता नुसतं 'त्याला इंच म्हणायचंय' म्हटलं तर उस्ताद म्हणणार, जे लिहिलं तेच खरं. वर फरगली म्हणतोय म्हणजे नक्कीच खोटं! लग्न तर मोडेलच, बहिणीचं घरही जाईल.

तेव्हा सांगून भागणार नव्हतं. उस्तादांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला हवं होतं.

उस्ताद हातपाय धुवायला गेले. फरगली त्यांच्या खोलीत गेला. तिथं खिडकीत त्यांचा जुना रेडिओ होता. घरातला छोटा टीव्ही इन्साफच्या मालिकांचा. उस्तादांनी त्याच्याकडे गेली कित्येक वर्षं पाठ फिरवलेली. त्यांचं जग रेडिओत. फरगलीनं मागचं झाकण उचकटलं, एक बारीक तार हळूच सोडवली आणि झाकण पुन्हा बसवलं. कुलपं उघडण्यात आयुष्य गेलेल्या हातांना हे कितीसं अवघड!

थोड्या वेळानं खोलीतून हाक आली. "इन्साफ! रेडिओ मेला!"

"आज सगळंच मरतंय," इन्साफ म्हणाली.

"द्या इकडे," फरगली मदतीला धावला. "हं. हे शुब्रात कुणाला जमायचं नाही. अब्दुल अझीझ रस्त्यावर एकजण आहे, जुनी यंत्रं तोच जिवंत करतो. चला, दुपारच्या आत परत येऊ."

"तूच घेऊन जा."

"मी? अन् वाटेत माझ्या हातून पडला म्हणजे?"

उस्तादांनी रेडिओ छातीशी धरला आणि चपला घातल्या. फरगलीच्या हाती रेडिओ द्यायचा, यापेक्षा कैरो ओलांडून जाणं त्यांना सोपं वाटलं.

मेट्रोत उस्ताद रेडिओ मांडीवर घट्ट धरून बसले. अताबाला उतरून दोघं अब्दुल अझीझ रस्त्याला लागले. हा रस्ता म्हणजे विजेच्या सामानाचा महासागर. पदपथावर फ्रिजांची रांग, पंख्यांचे डोंगर, हातगाडीवर मशीन लादून 'पाठ सांभाळा, पाठ!' ओरडत धावणारे हमाल. आणि दुकानादुकानाच्या दारात उभे टीव्ही, प्रत्येकावर दोऱ्यानं लटकवलेलं, हातानं लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड.

पहिल्या दुकानाशी उस्ताद थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

कार्डावर लिहिलं होतं: 'स्मार्ट टीव्ही, ५० बोसा.'

फरगली दुसरीकडे बघत शीळ घालू लागला. उस्ताद चार पावलं पुढे गेले. 'नवा माल, ६५ बोसा, हमीसकट.' त्याच्या पुढे: 'घरात मोठे बोसा हवेत? आत या.' आणि कोपऱ्यावरच्या दुकानावर तर लाल रंगात फलकच: 'बोसा कितीही असोत, घरपोच मोफत.'

"फरगली."

"हुकूम."

"इथं काय विकतात?"

"टीव्ही, उस्ताद."

"मग हे... हे जे लिहिलंय..."

"ते होय! इंच. टीव्ही इंचात मोजतात ना. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं."

"हे इंच नाहीत!" उस्ताद कडाडले. दोन हमाल दचकून थांबले. "हे... हे काय आहे ते मी भर रस्त्यात बोलणार नाही!"

"अहो पण सगळा रस्ता असंच लिहितो."

उस्तादांनी रेडिओ फरगलीच्या हातात दिला. दिला, म्हणजे बघा! खिशातून मोबाइल काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि वाचू लागले. फरगलीला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. पाठ आधी ताठ होती. मग खांदे हलायला लागले.

फरगली दोन पावलं पुढे सरकला. रडतायत की काय? मास्तर रडतोय, अब्दुल अझीझ रस्त्यावर, माझ्यामुळे?

उस्ताद वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मिशी थरथरत होती. हसत होते ते. आवाज न करता, वर्गात हसू नये म्हणून मास्तर हसतात तसे.

"फरगली," ते कसेबसे म्हणाले, "पोरगा निर्लज्ज नाही रे. नुसता ढ आहे!"

फरगलीनं जो श्वास सोडला, त्यानं जवळचं एक कार्ड हललं. "ढ? ठार ढ असेल. पण काय झालं, ते तरी सांगा."

"तुला कशाला सांगू? तू गल्लीभर करशील." उस्तादांनी डोळे पुसले. "आणि इन्साफ! रोज संध्याकाळी जाऊन बघत बसणार म्हणते! या अल्ला, मी त्या बाईला काय काय बोललो!" पुन्हा खांदे हलले. मग एकदम गंभीर झाले. "पण ढ जावई म्हणजे तरी..."

"उस्ताद, साद आणि सीन न कळणाऱ्यांची लग्नं व्हायची नाहीत असं ठरवलंत तर शुब्रा ओस पडेल."

"हे मात्र खरं," उस्ताद म्हणाले, आणि खिशातून लाल पेन निघालं.

कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक बुतरुस बाहेर आला तेव्हा एक म्हातारा त्याच्या कार्डांवरचे बारीक स खोडून जाडे करत होता.

"ओ काका! काय चाललंय?"

"तुझी अब्रू वाचवतोय. तू काय विकतोस ते तुला तरी माहितेय का?"

बुतरुसनं कार्ड बघितलं आणि कानामागं खाजवलं. "माहितेय काका. पहिल्या वर्षी बरोबरच लिहिलं होतं. येणारा जाणारा म्हणायला लागला, 'शेठ, कार्डावर चूक झालीय.' शेवटी कंटाळून लोकांसारखं लिहिलं."

उस्तादांनी त्याच्याकडे मोठ्या करुणेनं पाहिलं. "आणि या पासष्टवाल्या वस्तूत असं काय आहे, की माणूस सासऱ्याला पत्र लिहितो?"

झालं. बुतरुसला हेच हवं होतं. दोघांना आत नेऊन त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. भिंतीवर एक त्रेचाळीसचा आणि दोन पासष्टचे टीव्ही चालू केले. तिन्हींवर रंगीत मासे पोहत होते.

"मासे बंद कर," फरगली म्हणाला. भीती गेली तशी त्याची जीभ सैल सुटली होती. "मासे आणि फुलं तर माझ्या दुकानाच्या काचेतही झकास दिसतात. फुटबॉल लाव. मोठ्या मैदानाचा नको, आपल्या खालच्या संघांचा. धूळ उडते तो."

"मामू, तुम्ही धंद्यातले दिसता."

"मी कुलपांच्या धंद्यातला. आत काय आहे ते उघडल्याशिवाय विश्वास ठेवत नाही."

सामना लागला. एका पासष्टवर चेंडू लाथाडला की मागं शेपूट दिसायची. "हा चेंडू आहे की बेडकाचं पिल्लू?" फरगलीनं विचारलं. बुतरुसनं मुकाट्यानं तो बंद केला. मग फरगली उरलेल्या दोघांपुढे पार कडेला जाऊन उभा राहिला. "माझी बहीण सोफ्याच्या टोकाला बसते. इथून बघितलं तर माणसं काविळीची दिसता कामा नयेत. हां, हा चालेल. त्रेचाळीसही वाईट नाही, पण..."

उस्ताद मात्र सामना बघतच नव्हते. बुतरुसनं मध्येच बातम्या लावल्या होत्या, आणि खालून सरकणाऱ्या पट्टीवर त्यांची नजर खिळली होती. गेली काही वर्षं त्यांना वर्तमानपत्र वाचताना भिंग लागायचं. आधी ते त्रेचाळीसपुढे उभे राहिले, डोळे बारीक केले. मग मोठ्यापुढे आले. एक पाऊल मागं गेले. आणखी एक. जाता जाता दारापर्यंत पोचले.

"फरगली! तिसरा शब्द कर्ता आहे आणि त्यांनी त्याला कर्माचा प्रत्यय लावलाय! दारातून दिसतंय मला!"

"मग आनंद कसला होतोय तुम्हाला?"

"दिसतंय ना!" उस्ताद म्हणाले. लहान पोराला पतंग मिळावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आणि काका, हा बोललेलं ऐकतो," बुतरुस पुढे सरसावला. रिमोट तोंडाशी धरून म्हणाला, "ए, ती कालची मॅच दाव."

टीव्हीनं विचार केला आणि बाळाच्या लंगोटांची जाहिरात लावली.

"मला दे," फरगली म्हणाला. "ए भावा, कालची मॅच लाव की राव, भाव नको खाऊस!"

टीव्हीनं केक कसा करायचा ते दाखवायला सुरुवात केली.

"कधी कधी ऐकतो," बुतरुस ओशाळून म्हणाला.

उस्तादांनी हात पुढे केला. रिमोट घेतला. कोट सारखा केला, मान वर केली, आणि वर्गात शिरल्यावर मास्तर ज्या आवाजात पहिलं वाक्य बोलतो त्या आवाजात, शुद्ध ग्रंथातल्या अरबीत, एकही मात्रा न गाळता म्हणाले, "हे यंत्रा, काल सायंकाळी संपन्न झालेल्या पादकंदुक-सामन्याचे चित्रण माझ्यासमोर सादर कर."

सामना लागला. क्षणात.

ख्रिस्ती बुतरुसनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"यंत्रा, आवाज किंचित न्यून कर."

आवाज कमी झाला.

उस्ताद रिमोटकडे बघत राहिले. "इतकी वर्षं शिकवलं फरगली," ते हळूच म्हणाले, "पहिल्या सांगण्यात ऐकणारा हा पहिलाच विद्यार्थी."

"काका, पंच्याहत्तरचाही आहे आत," बुतरुसनं संधी साधली.

"नको. मुलानं पासष्ट मागितलेत. पासष्टच द्यायचे." उस्तादांनी मोबाइल काढला. "आणि आता त्यालाच बोलावतो."

फरगलीच्या घशात चहा अडकला, आणि या वेळी पुदिन्याचा काही दोष नव्हता.

तोवर फरगलीनं रेडिओची तार गुपचूप जागेवर बसवली. वगीह इस्पितळातला पांढरा कोट तसाच अंगावर घेऊन धापा टाकत आला. कालपासून सासऱ्याकडून उत्तर नाही, सकाळपासून शाहिनाजकडून नुसतं रडणं, आणि आता एकदम 'असशील तसा ये'. चेहरा त्याच्याच एक्स-रेसारखा झाला होता. उस्तादांनी काही न बोलता त्याला बाहेर नेलं, दुरुस्त केलेल्या कार्डापुढे उभं केलं आणि मोबाइलवरचा निरोप शेजारी धरला.

वगीहनं इकडे वाचलं, तिकडे वाचलं. पुन्हा इकडे. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान, मग राहिलेला सगळा.

"काका," तो कुजबुजला, "मला इथल्या इथं जमिनीत गाडा."

"लग्न झाल्यावर. आधी माझ्या मुलीला फोन कर, ती सकाळपासून रडतेय." मग उस्तादांचा आवाज बदलला. "पण एक सांग. हे लिहिलंस तेव्हा शेजारी कोण होतं?"

आत दुकानात फरगली टीव्हीच्या मागच्या बाजूची भोकं फार बारकाईनं तपासू लागला. शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्याला उंबरा दिसला, बहिणीच्या घराचा, आणि त्याच्या बाहेर उभा असलेला स्वतः. ईदला, बारशाला, सगळ्याला बाहेर.

वगीहनं काचेतून आत बघितलं. मामा, चहा, नाकातून आलेला घोट, 'भावना बघ, भावना' हे सगळं त्याला आत्ता उमगत होतं, हे त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं. हाडं बघणाऱ्या माणसाला आतलं दिसायला वेळ लागत नाही.

"कुणी नव्हतं काका," तो म्हणाला. "एकटाच होतो."

उस्तादांनी आत बघितलं. फरगलीनं वर बघितलं. दोघांची नजर मिळाली, आणि मास्तरांची नजर म्हणजे मास्तरांची नजर.

"एकटा होतास म्हणून बरं," उस्ताद मोठ्यानं म्हणाले, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "कारण कुणी असता, आणि वाचून गप्प बसला असता, तर मी त्याला हा टीव्ही पाठीवरून चार जिने चढवायला लावला असता."

फरगली बाहेर आला. "उस्ताद, हमाल कशाला करायचा? मीच चढवतो की. असंच. भाचीचं लग्न म्हणून."

"गुरुवारी परत खाली आणायचाय."

"आणतो."

"आणि नव्या घरी वर चढवायचाय. तिथं पाच जिने आहेत."

"व्यायाम होतो," फरगली म्हणाला, आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की तो खरंच पेटी उचलायला वाकला. वगीहनं दुसरं टोक धरलं. पेटीआडून तो हळूच म्हणाला, "मामा, माझी पाळी येईल कधीतरी."

"येऊ दे रे बाबा," फरगली म्हणाला. "तुझं माझ्यावर एक राहिलं."

टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा इन्साफ बाल्कनीत उभी होती. नवरा सकाळी लग्न मोडून गेलेला, आता जावयाच्या शेजारी बसून हसत परत येतोय, आणि मागं अख्ख्या दारासारखी पेटी! तिनं काही विचारलं नाही. तोंडावर हात ठेवून जीभ फिरवली आणि लग्नघरातला तो लांब, थरथरता जल्लोष गल्लीभर सोडला. समोरच्या बाल्कनीनं तो उचलला, मग शेजारच्या. शाहिनाज धावत जिन्यापर्यंत आली आणि तिथंच भिंतीला टेकून हसायला लागली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये फरगलीच्या पाठीतून कट्कन आवाज आला. वगीह वरून म्हणाला, "मामा, एक्स-रे फुकट काढून देईन." उस्ताद आणखी वरून सूचना देत होते, शुद्ध ग्रंथातल्या भाषेत. आणि सगळ्यांच्या वर इन्साफ कठड्यावरून ओणवी होऊन ओरडत होती, "फरगल्या, मेल्या, भिंत सांभाळ! पाहुणे येणारेत, कालच रंग दिलाय!"

"सांभाळतो गं बाई, सांभाळतो," फरगली पेटीखालून म्हणाला, आणि दम खाऊन पुढच्या पायरीवर पाय ठेवला.